अँबेसिडरच्या बंपरला क्रोमच पाहिजे का?

प्रश्न : आमच्या घरी १९८८ ची अँबेसिडर आहे. इंजिन ठणठणीत आहे, वडील अजून तिच्यातूनच बाजार समितीत जातात. पण दोन्ही बंपरांवर तांबडे ठिपके आलेत, मागच्या बंपरचं क्रोम खालच्या कडेनं पापुद्र्यासारखं सुटतंय, दारांच्या हँडलांवर फोड आलेत. नागपूरला क्रोमचा भाव विचारला. आकडा ऐकून वडील म्हणाले, ‘एवढ्यात तं गोऱ्ह्यांची जोडी येते.’ दिवाळीनंतर बहिणीचं लग्न आहे, गाडी वरातीत काढायची आहे. स्वस्तात काय होईल? – एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, वडिलांचा हिशेब बरोबर आहे, पण प्लेटिंगवाल्यालाही लुटारू म्हणू नका. आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोम नावालाच असतं. लोखंडावर सहसा आधी तांबं, मग निकेल, आणि सगळ्यात वर क्रोमियम. हा वरचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ. आरशासारखी झळाळी निकेलची आणि गंज अडवायचं कामही मुख्यतः त्याचंच. क्रोम त्या निकेलला मळू देत नाही, ओरखडे कमी पडू देतं आणि थोडी निळसर झाक आणतं, एवढंच. हे सगळं चढण्याआधी जुना थर उतरवायचा, पोचे काढायचे, बफवर धरून बंपर गुळगुळीत करायचा. खरी मजुरी तिथं जाते. म्हणून ‘क्रोम राहू द्या, नुसतं निकेल मारा’ म्हटलं तरी बिल फारसं उतरत नाही. वर रसायनाचं सांडपाणी नीट साफ करायचा खर्च वेगळा, आणि तो व्हायलाच पाहिजे. जुन्या पद्धतीच्या टाकीतलं क्रोम कॅन्सर करणारं आहे. त्या वाफेत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडलेली आहेत. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. आता त्रिसंयुजी क्रोम नावाचं कमी घातक काम होतं, रंग किंचित काळसर येतो.

आता तुमची गाडी. आधी एक लोहचुंबक घ्या आणि प्रत्येक चकाकत्या भागाला लावून पाहा. बंपरला चिकटेल, ते लोखंड. हँडलांना बहुतेक चिकटणार नाही. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, म्हणून तिथं ठिपके न येता फोड येतात. दोघांचा इलाज वेगळा.

समोरच्या बंपरला नुसते ठिपके असतील तर पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणा. बोळा करून पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. थोड्याच वेळात बोटाखाली करडी-काळी राड जमते. ती ओल्या फडक्यानं पुसली की तांबडेपणा गेलेला दिसतो, राहतात ती सुईच्या टोकाएवढी छिद्रं. ती काही केल्या भरत नाहीत, पण चार पावलांवरून दिसतही नाहीत. लगेच कोरडं करून गाडीचं मेण चोळा, कारण त्या छिद्रांतूनच पाणी पुन्हा लोखंडाला भेटतं. स्टीलची घासणी लावू नका. आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड तर बंपरच्या जवळपासही आणू नका. आमच्या मूर्तिजापुरात एकानं ते लावून बंपर चकाचक केला होता, महिन्याभरात अख्खा बंपर चॉकलेटी झाला.

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, हे लिहिताना मुद्दाम लक्षात ठेवतोय. बोअरच्या पाण्यानं गाडी धुऊन उन्हात सोडली की जे पांढरे डाग उरतात, त्यात मीठच असतं, आणि ते क्रोमच्या छिद्रांत जाऊन बसतं. डिक्कीत पोटॅशची पोती नेत असाल तर तेही मिठाचंच भावंड. शेवटचा हात नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं फिरवा.

मागच्या बंपरचा पापुद्रा सुटलाय, तिथं फॉइल चालणार नाही. इथं मी स्पष्ट सांगतो: तो काळा करा. बंपर खोलून सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या जोरदार फवाऱ्यानं जुना थर काढून घ्या, जस्ताचा प्रायमर मारा आणि वर पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगाची पावडर मारून भट्टीत भाजणं. कपाटं, कुलरच्या बॉड्या जिथं होतात तिथंच हे होतं, अमरावती-अकोल्याच्या एमआयडीसीत चौकशी करा. भट्टी १८०-२०० अंशांची लागते आणि बंपर अख्खा आत मावला पाहिजे, हे आधी विचारून घ्या. जुन्या क्रोमवर तशीच पावडर मारून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. गुळगुळीत क्रोमवर काहीच धरत नाही, पहिल्या उन्हाळ्यात पोपडे निघतात. ‘क्रोमसारखी’ पावडरही मिळते, पण ती ॲल्युमिनियमच्या भांड्यासारखी दिसते आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला की आणखी मंद होते. पांढऱ्या अँबेसिडरला काळा बंपर वाईट दिसत नाही. वडिलांना आधी दाखवा मात्र.

बंपरची मागची बाजू हे सगळ्यात महत्त्वाचं. गंज बहुतेक वेळा तिथून सुरू होतो, कारण आतून प्लेटिंग पातळ असतं आणि काळ्या मातीचा गाळ तिथं चिकटून ओला राहतो. चांगल्या बंपरचीही आतली बाजू घासून जस्ताचा प्रायमर लावा. या एका कामाला पैसे कमी करू नका.

लग्नापुरतं चमकवायचं असेल तर क्रोम रंगाची फिल्म आहे. सरळ पट्टीवर छान बसते. अँबेसिडरच्या बंपरच्या कोपऱ्याला मात्र ती ताणावी लागते आणि आपलं मे महिन्याचं ऊन ४५ अंशांपुढे गेलं की ताणलेली कड परत आखडते. वरातीला चालेल, पुढच्या पोळ्यापर्यंत कोपरे उकलतील. तीन-चारशे रुपयांच्या डबीतला ‘क्रोम स्प्रे’ म्हणजे ॲल्युमिनियमच्या बारीक चुऱ्याचा रंग. हात लावला की बोटं रुपेरी होतात. शोकेसमधल्या वस्तूला ठीक, बंपरला नाही.

तिसरा प्रकार स्प्रे क्रोमचा, आणि तो खरंच देखणा आहे. गुळगुळीत काळ्या रंगावर दोन नळ्यांच्या गनमधून चांदीचं क्षार आणि दुसरं रसायन एकदम मारतात. डोळ्यांदेखत आरसा तयार होतो, कारण आरशामागं चांदी चढवायची रीत तीच. वर क्लिअर कोट. पण ही चांदी त्या क्लिअरच्याच भरवशावर. गिट्टीचा खडा लागून क्लिअर फुटला की कडेनं पिवळी-काळी पडत जाते. तुमच्या हँडलांना हे जमेल: फोड खरवडून, भरून, घासून मग स्प्रे. हँडलांना पावडर कोटिंग नको. भट्टीत त्या ओतकामातली हवा बाहेर येऊन नवे फोड धरतात.

कुणी ‘स्टेनलेसचा बंपर बनवून देतो’ म्हणेल. स्टेनलेसला थर नसतो, आरपार तेच, त्यामुळे सोलायचं काही नसतं. पण अँबेसिडरच्या बंपरचा बाक रेलिंग करणाऱ्याच्या हातून येत नाही. सरळ पट्ट्या, नंबर प्लेटची चौकट, एवढं त्याला द्या. ३०४ नंबरचा पत्रा मागा, बिलावर लिहून घ्या. २०२ स्वस्त पडतो, पण त्यात निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं आणि खाऱ्या पाण्यात तो लवकर डाग धरतो. आणि हौसेनं पुढं पाइपचं गार्ड लावू नका. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

प्रश्न : आमच्या नव्या गाडीच्या ग्रिलचं क्रोम सोलतंय. पावडर कोटिंगवाला ‘ताई, करून देतो’ म्हणतो. देऊ का? – वरूड, जि. अमरावती

उत्तर : ताई, नका देऊ. ती ग्रिल प्लास्टिकची आहे, शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडते. भट्टीतून हाती गोळा येईल. सुटलेले पापुद्रे काढताना हातमोजे घाला, त्यांची कड ब्लेडसारखी कापते. मग ४०० नंबरचा पाणकागद, प्लास्टिकचा प्रायमर आणि मॅट काळा रंग. पेंटरचं अर्ध्या दिवसाचं काम. हेडलाइटच्या आतल्या चकाकीला मात्र कोणाला हात लावू देऊ नका. तो निर्वातात चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, फडक्यानं पुसलं तरी निघतो.

प्रश्न : मी आयटीआयला आहे. व्हिनेगर, स्टेनलेसचे चमचे आणि बॅटरी चार्जर वापरून घरीच क्रोम चढवता येतं असा व्हिडिओ पाहिला. करून पाहू का? – पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. त्यातून चांगला थर चढत नाहीच, वर स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी विषारी असतं. नालीत ओतलं तर विहिरीपर्यंत जाईल.

हात शिवशिवत असतील तर चार्जरनं गंज काढ. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. गंजलेला लोखंडी भाग चार्जरच्या वजा टोकाला, अधिक टोकाला साध्या सळईचा तुकडा. सळई साधीच पाहिजे, स्टेनलेस अजिबात नाही, आणि दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत. बुडबुडे येतात तो हायड्रोजन आहे, म्हणून बादली अंगणात ठेव आणि जवळ बिडी ओढणाऱ्याला उभा राहू देऊ नको. हात घालण्याआधी चार्जर बंद. काही तासांनी भाग बाहेर काढून ब्रश मार आणि त्याच दिवशी प्रायमर लाव, नाही तर सकाळपर्यंत पुन्हा तांबडा होतो. स्प्रिंगा आणि जस्ताचे भाग यात टाकू नको.