लाळग्रंथीच्या पेशीत कॅल्शियमचा सिग्नल कसा सुरू होतो आणि त्याचा उपयोग काय?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: लाळग्रंथीच्या पेशीत रिसेप्टरपासून (पेशीवर बसलेल्या, बाहेरचा निरोप पकडणाऱ्या प्रोटीनपासून) कॅल्शियमपर्यंतची साखळी कशी चालते, ती पाठ कशी करायची, आणि ‘प्रत्यक्षात याचा उपयोग तरी काय?’ पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी लिहायला बसले नसते. तिसरा प्रश्न मात्र मी शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हापासून आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, मला विचारत आलेत.

साखळी आधी सांगते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन सुटतं आणि पेशीवरच्या एम३ मस्करिनिक रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टरला जोडलेलं जीक्यू प्रोटीन फॉस्फोलायपेज सी ला कामाला लावतं. ते एन्झाइम पेशीपटलातल्या पीआयपी२ या स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करतं. डीएजी पटलातच राहतो, आयपी३ आत सुटतो. बहुतेक नोट्समध्ये ही नावं ठळक करून खरी गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. खरी गोष्ट फरकाची आहे. शांत पेशीत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, आणि पेशीबाहेर १ मिलिमोलरच्या वर. दहा हजार पट! पेशीच्या आतल्या पिशव्यांच्या जाळ्यात, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येही, कॅल्शियमचा साठा भरलेला. राधानगरी धरण भरलेलं असताना दार उघडलं की पाणी कुणी ढकलावं लागत नाही, आयपी३ सुद्धा फक्त साठ्याचं दार उघडतो. कॅल्शियम वाढलं की नलिकेकडच्या बाजूचे टीएमईएम१६ए क्लोराइड चॅनेल उघडतात, क्लोराइडमागून सोडियम जातं आणि त्यांच्यामागून पाणी. झाली लाळ.

मायकल बेरिज या ब्रिटिश शास्त्रज्ञानं या वाटेवरचं काम ब्लोफ्लाय माशीच्या लाळग्रंथींवर केलं. पुढे १९८३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवर दाखवलं, की आयपी३ मुळे आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं. माशीच्या लाळेवर कुणी वर्षं घालवतं का, असं तात्या नक्की म्हणाले असते.

आता उपयोग. करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमचा मळा आहे. एका उन्हाळ्यात चुलतभाऊ, आमचा दादा, वांग्याला औषध मारायला गेला. पाठीवर पंप, अंगात बनियन, हातमोजे नाहीत. दुपारी घरी आला तो धडपडतच. तोंडातून लाळ थांबेना, डोळ्यांतून पाणी, अंग घामानं निथळत होतं, दोनदा ओकला. तात्या म्हणाले, “ऊन लागलंय त्याला. कांदा फोडून नाकाला लावा, अन् ताक पाजा.” मी त्याला माजघरात निजवून पापण्या उचलल्या. तिथल्या अंधारातही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या! औषधाची बाटली मागवली, लेबल वाचलं: ऑर्गॅनोफॉस्फेट.

ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम हे औषध बंद पाडतं. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं, रिसेप्टरला उसंत मिळत नाही आणि तुम्ही पाठ करताय तीच साखळी प्रत्येक ग्रंथीत थांबल्याविना चालत राहते. घामाच्या ग्रंथीला सिंपथेटिक नस येते, जिच्या टोकातून एरवी नॉरॲड्रेनलिन सुटतं, तरी तिथेही ॲसिटिलकोलीन आणि एम३ च असतो. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात. दादाचे कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, जीपमध्ये घालून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी ॲट्रोपिन सुरू केलं आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत डोस वाढवत नेला. ॲट्रोपिन एम३ वर जाऊन बसतं पण जीक्यूला उठवत नाही, म्हणून लाळ थांबते.

दादा बरा झाला. तात्या आजही पारावर सांगतात, “उन्हानं झालतं, सलाइननं बरा झाला.” तात्या, सलाइननं बाहुल्या मोठ्या होत नाहीत. उन्हानं छाती चिकट पाण्यानं भरत नाही. आणि कांदा हुंगवत बसलो असतो तर तेवढा वेळ विष कातडीतून आत जातच राहिलं असतं. फवारताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क, आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं तोंड करून मारायचं नाही. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी मी यापुढेही भांडणार.

पाठ करण्याबद्दल माझं मत एवढंच, की पाठ करूच नका. साखळी काढा आणि ती कुठे कुठे तोडता येते ते लिहा. वर ॲट्रोपिन. उलट बाजूनं पायलोकार्पिन, जे कोरड्या तोंडाच्या रुग्णांना याच रिसेप्टरला उठवण्यासाठी देतात.

दोन गोष्टी राहिल्या. साठा रिकामा झाल्यावर साठ्याच्या पटलातलं स्टिम१ हे प्रोटीन ते ओळखतं आणि ओराय१ चॅनेलमधून बाहेरचं कॅल्शियम आत येतं. लाळ वाहती राहते ती त्यामुळे, हे नीट वाचा. आणि मी वर सगळं एम३ वर ढकललं असलं तरी पॅरोटिडमधलं (कानाजवळच्या लाळग्रंथीतलं) अमायलेज, म्हणजे पिष्ट पचवणारं एन्झाइम, मुख्यतः बीटा रिसेप्टर आणि सीएएमपी या दुसऱ्या निरोप्या रेणूच्या वाटेनं सुटतं. विषबाधेतही ॲट्रोपिन सगळं करत नाही. दादाच्या दंडातली अशक्ती त्यानं गेली नाही, कारण स्नायूवरचा रिसेप्टर निकोटिनिक आहे, तो जीक्यूच्या वाटेनं जातच नाही. त्यासाठी त्याला पाम (प्रॅलिडॉक्सिम) हे वेगळं इंजेक्शन द्यावं लागलं.