पोरांना पैसे मिळाले तर खेळ कसा बिघडला?

या वेळी पत्रं खूप आली, त्यातली निम्म्याहून जास्त अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर आणि उरलेली बरीचशी यूएफसीवर, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या एमएमए लढती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीवर, म्हणून बाकीचे खेळ पुढच्या अंकाला ठेवतो आणि आज या दोनवरच बोलतो.

प्रश्न : कॉलेज बास्केटबॉल आता बघवत नाही. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडलं की पोरं निघाली, जो जास्त पैसे देईल तिकडे. पूर्वी कॉलेजच्या नावासाठी जीव तोडून खेळायची. पैशानं खेळाची वाट लावली असं तुम्हाला नाही वाटत?

नाही वाटत, आणि यावर माझं मत पक्कं आहे. पैसा काही काल-परवा आलेला नाही हो, तो आधीपासून होताच, फक्त पोरांपर्यंत पोचत नव्हता. २०१० साली कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेनं मार्च मॅडनेसचे, म्हणजे दर मार्चमधल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेचे, टीव्ही हक्क १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला विकले, मोठे कोच लाखो डॉलर पगार घेत होते, आणि २०१४ ला कनेटिकट चॅम्पियन झालं तेव्हा त्यांचा हीरो शबाझ नेपियर पत्रकारांना सांगत होता की काही रात्री आपण उपाशी झोपतो. ज्याच्या जिवावर कप आला तोच उपाशी! ते ऐकून देशभर बोंबाबोंब झाली आणि त्याच महिन्यात एनसीएएनं खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा काढली, म्हणजे बघा, तोवर कॉलेजनं पोरांना किती खायला घालायचं यालासुद्धा नियम होता.

पुढचं सगळं कुणाच्या मेहरबानीनं मिळालेलं नाही, कोर्टात भांडून मिळालंय. यूसीएलएचा जुना खेळाडू एड ओबॅनन, त्यानं व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब स्वतःसारखाच खेळाडू पाहिला, पैसा मात्र एक दिला नव्हता, आणि २००९ ला केस टाकली. मग जून २०२१ मध्ये ऑल्स्टन केसमध्ये, खेळाडूंना शिक्षणाशी जोडलेले फायदे द्यायला मर्यादा घालण्यावरून, सुप्रीम कोर्टानं ९-० असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, लगेच १ जुलैपासून एनआयएल आलं म्हणजे आपलं नाव आणि चेहरा वापरून कमवायची मुभा, आणि हाउस सेटलमेंटनंतर, म्हणजे खेळाडूंच्या आणखी एका केसमधल्या तडजोडीनंतर, जुलै २०२५ पासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. कोच करार अर्धवट टाकून दुसरीकडे गेला तर आपण म्हणतो प्रगती केली, पोरगं गेलं की म्हणतो निष्ठा नाही, हे मला पटत नाही.

पण तुमच्या बोलण्यातलं एक दुखणं खरं आहे आणि ते मलाही लागतं. २०२२ ला जर्सी सिटीचं सेंट पीटर्स, १५ वं सीड म्हणजे मानांकन, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं, त्यांनी केंटकीला ओव्हरटाइममध्ये पाडलं, मग मरे स्टेट, मग परड्यू, थेट एलीट एटमध्ये, म्हणजे शेवटच्या आठात! त्या आठवड्यात मी जागून मॅचेस पाहिल्यात. आणि सीझन संपतो न संपतो तोच कोच सीटन हॉलला गेला, पोरंही पांगली. छोट्या कॉलेजनं पोरगं घडवायचं आणि मोठ्यानं उचलायचं असं चाललंय, आणि २०२५ मध्ये त्याचं फळ दिसलं, स्वीट सिक्स्टीनमधल्या, म्हणजे शेवटच्या सोळातल्या, १६ च्या १६ टीम फक्त चार मोठ्या कॉन्फरन्सच्या म्हणजे कॉलेजांच्या गटांच्या, त्यातल्या सात तर एकट्या एसईसी या गटाच्या, आणि फायनल फोरला, म्हणजे सेमीफायनलला, चारही विभागांचे नंबर वन सीड. फायनल झकास झाली, फ्लोरिडानं ह्यूस्टनला ६५-६३ हरवलं, पण पहिल्या आठवड्यातली ती धडधड कुठे होती? यावर उपाय पोरांचे पाय बांधून ठेवणं हा नाही. खेळाडूंना कामगार माना, त्यांच्या युनियनशी बसून करार करा, दोन-तीन वर्षांचे करार होऊ द्या, आणि पोरगं मध्येच गेलं तर घडवणाऱ्या कॉलेजला भरपाई द्या, फुटबॉलमध्ये युरोपातले क्लब हेच करतात.

प्रश्न : मुलींच्या बास्केटबॉलचा उदोउदो कॉलेजमध्ये केटलिन क्लार्क होती तोवरच होता ना?

ती नसती तर एवढ्या लवकर झालं नसतं हे मान्य. ३,९५१ पॉइंट केलेत तिनं आयोवा कॉलेजकडून, पुरुषांमधल्या पीट मॅराविचचा ३,६६७ चा रेकॉर्ड मोडून, आणि २०२४ ची साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा फायनल १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली, पुरुषांच्या फायनलला दीड कोटीही नव्हते. पण मुळात बघायचं कुणाला नव्हतं असं नाही, दाखवत कोण होतं? मार्च २०२१ चा तो व्हिडिओ आठवा. सॅन अँटोनियोला मुलींची स्पर्धा, ओरेगनची एक खेळाडू मोबाइल फिरवून दाखवतेय, एका कोपऱ्यात डंबेल्सचा एकच लहानसा रॅक आणि बाकी मोकळाच्या मोकळा हॉल, आणि त्याच वेळी पुरुषांच्या स्पर्धेत रांगच्या रांग बेंच आणि बारबेल्स मांडलेले. जागा कमी पडली असं कारण दिलं होतं, तिनं कॅमेरा फिरवून जागाच दाखवली! मार्च मॅडनेस हे नाव मुलींच्या स्पर्धेला २०२२ ला वापरायला मिळालं, आणि मॅच जिंकल्याचे पैसे कॉन्फरन्सला मिळायला २०२५ उजाडावं लागलं. त्यामुळे क्लार्क गेली म्हणून संपलं असं म्हणू नका, आत्ता कुठे सुरू होतंय.

प्रश्न : पूर्ण ब्रॅकेट, म्हणजे मार्च मॅडनेसच्या सगळ्या निकालांचा आधीच बांधलेला अंदाज, कधी कुणाचं बरोबर येईल का?

६३ मॅचेस सगळ्या बरोबर? आजवर कुणाचं आल्याची नोंद नाही. २०१९ ला एकाच्या पहिल्या ४९ बरोबर आल्या होत्या, तिथंच माझे हात जोडले.

प्रश्न : टॉम अ‍ॅस्पिनलनं गानविरुद्धची यूएफसी फाइट सोडली, चॅम्पियनला हे शोभतं का? जुने फायटर एका डोळ्यानं लढायचे.

शोभतं, शंभर टक्के. २५ ऑक्टोबर २०२५, अबू धाबी, हेवीवेट टायटल, पहिलाच राउंड, आणि सिरिल गानची बोटं त्याच्या डोळ्यांत गेली. नियमानं सावरायला पाच मिनिटं मिळतात, डॉक्टर आले, तो सांगत होता की दिसत नाहीये, आणि वरून स्टँडमधले लोक त्यालाच हुर्यो करत होते. ज्याला इजा झाली त्याला शिव्या! समोर हेवीवेटचा ठोसा येतोय आणि माणसाला दिसत नाही, अशात तुम्ही त्याला उभं राहा म्हणता? शेवटी नो कॉन्टेस्ट, म्हणजे निकालच नाही, आणि गानचा एक पॉइंटही कापला नाही.

राग धरायचा तर रेफ्रींवर धरा. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बोटं ताणून धरणं हाच मुळात फाउल आहे, तरी आधी तोंडी वॉर्निंग, मग पुन्हा वॉर्निंग, असंच चालतं. याउलट १२-६ एल्बो, म्हणजे कोपर सरळ वरून खाली मारणं, त्यावर २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत बंदी होती आणि त्यापायी जॉन जोन्सला २००९ मध्ये मॅट हॅमिलविरुद्ध डिसक्वालिफाय केलं, त्याच्या करिअरमधला तो एकच पराभव. डोळ्याला मात्र एवढी किंमत नाही. यूएफसीनं २०२४ ला बोटं थोडी वाकलेली राहतील असे नवे ग्लव्हज आणले आणि त्याच वर्षी परत जुने आणले. माझं म्हणणं, मुद्दाम असो की चुकून, बोट डोळ्यात गेलं की पहिल्याच वेळी एक पॉइंट कापा, बघा महिन्याभरात सगळ्यांच्या मुठी कशा बंद होतात.

प्रश्न : यूएफसी एवढी श्रीमंत, मग फायटर गरीब का?

कारण ते कामगारच नाहीत, कागदोपत्री. स्वतंत्र कंत्राटदार आहेत, युनियन नाही, आणि बॉक्सरना संरक्षण देणारा २००० सालचा अली अ‍ॅक्ट एमएमएला लागूच होत नाही. एनबीएमध्ये उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना जातो, यूएफसीत तो २० टक्क्यांच्या आसपासच असल्याचं फायटर कोर्टात मांडत आले. नव्या फायटरचा करार साधारण दहा-बारा हजार डॉलर उतरल्याचे आणि जिंकलं तर तेवढेच वर. त्यातून कोच, मॅनेजर, टॅक्स, आणि फाइट वर्षाला दोन-तीन. म्हणजे स्प्लिट डिसिजन, तीनपैकी दोन जज एकाकडे आणि एक दुसऱ्याकडे, असा लागला की एका जजच्या एका राउंडच्या मार्कांवर पोराचे अर्धे पैसे जातात, त्याचा चेहरा बघा त्या क्षणी, रेफ्री दोघांचे हात धरून उभा असतो आणि तो डोळे मिटून ऐकत असतो.

कंग ली वगैरे फायटरांनी २०१४ ला यूएफसीवर अँटीट्रस्ट, म्हणजे मक्तेदारीविरुद्धची, केस टाकली, दहा वर्षं लढले, पहिली तडजोड जजनं नाकारली आणि मग ३७.५ कोटी डॉलर मिळाले. मोठी रक्कम आहे, पण ती जुन्या फायटरांची, आजच्यांचे करार तसेच. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये यूएफसीचा पॅरामाउंट या मीडिया कंपनीशी प्रक्षेपणाचा करार झाला, २०२६ पासून सात वर्षांचे ७.७ अब्ज डॉलर, अमेरिकेत पे-पर-व्ह्यू, म्हणजे लढतींच्या एकेका रात्रीसाठी वेगळे पैसे भरून बघणं, बंद. बघणाऱ्याची चांदी झाली, आधी अशा एका रात्रीला ८० डॉलर जायचे. पण मोठ्या चॅम्पियनची खरी कमाई त्या पे-पर-व्ह्यूच्या विक्रीतल्या वाट्यावर होती, तो वाटाच गेला, मग त्याच्या जागी त्यांना काय देणार? पुढच्या प्रत्येक पत्रकार परिषदेत चॅम्पियननं हाच प्रश्न विचारावा, बेल्ट खांद्यावर असताना, कारण बेल्ट गेल्यावर कुणी ऐकत नाही.