आजोबांचं जुनं एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे. काचेवर चरेच चरे पडलेत. घरच्या घरी जातील का?

जातील. पण आधी ती काच आहे का ते बघा. जुनं चावीचं एचएमटी म्हणजे बहुतेक वर अ‍ॅक्रिलिक असणार, साधं प्लास्टिक. गालाला लावून बघा, काच गार लागते. नखानं टिचकी मारली तर काच टण्ण वाजते, प्लास्टिक बद्द.

माझ्याकडे बाबांचं एचएमटी ‘जनता’ आहे. बाबा इथं बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात होते. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, मोहसच्या 1 ते 10 च्या मापात तिचा कठीणपणा 7. घड्याळाची साधी काचही त्याहून मऊ, अ‍ॅक्रिलिकचं तर विचारूच नका. बाबा शर्टाच्या बाहीनं घड्याळ पुसायचे, आणि बाहीवर तीच वाळू! शेवटी शेवटी हातात घड्याळ असून दुसऱ्याला वेळ विचारायचे.

मी जेल नसलेली पांढरी टूथपेस्ट हरभऱ्याएवढी घेतली, जुन्या बनियनच्या तुकड्यावर लावली आणि हलक्या हातानं गोल गोल घासली. पाच मिनिटं घासायचं, पुसून बघायचं, परत घासायचं. चार खेपांत काटे स्वच्छ दिसायला लागले. कडेच्या रिंगेला मात्र आधी चिकटपट्टी लावा. मी आळस केला, एका बाजूची चकाकी गेली ती गेलीच. कापड नुसतं दमट ठेवा, असल्या जुन्या घड्याळात पाणी सहज शिरतं.

पेस्ट चरा भरत नाही. भोवतालचं प्लास्टिक झिजवून चऱ्याच्या पातळीला आणते, एवढंच. त्यामुळे नख अडकेल असा खोल चरा तिला दाद देत नाही. तिथं आधी 2000 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर, ओलसर करून फिरवायचा. सगळी काच धुरकट होते, पोटात गोळा येतो, पण पेस्ट घासली की परत चकाकते. चरा आहे तेवढ्याच जागी घासत बसू नका, खळगा पडतो आणि आकडे वेडेवाकडे दिसतात.

हुरूप येऊन मी भावाच्या क्वार्ट्झ घड्याळावरही हाच प्रयोग केला. दोन संध्याकाळी गेल्या, चरा जागचा हलला नाही. वर आईची बोलणी, ‘दात घासायला तेवढी ठेव बाबा!’ ती खरी काच होती. तिला सेरियम ऑक्साइड, म्हणजे काच घासायची पूड लागते आणि तरी तासन्‌तास घासावं लागतं. त्यापेक्षा घड्याळजीकडून नवी काच बसवून घेतलेली बरी. सफायर, म्हणजे महागड्या घड्याळांवरची कृत्रिम नीलमाची काच असेल तर घरी हातच लावू नका. तिचा कठीणपणा 9, ती हिऱ्याच्या पेस्टनंच घासली जाते.

आणि काचेला तडा असेल तर अजिबात घासू नका. पेस्ट फटीतून डायलवर उतरली की घड्याळ उघडावंच लागतं.