ट्रॅक सोडला म्हणजे हरले का?

"मॅडम, मी पळपुटी ठरतेय का?" बसल्या बसल्या तिने पहिला प्रश्न हाच विचारला. वय २४, मूळची माण तालुक्यातली, सहा वर्षं ५००० मीटर पळणारी. दोन हंगाम टायमिंग जागचं हललं नव्हतं. एका रविवारी मैत्रिणींबरोबर सिंहगडाच्या पायवाटेने पळत गेली आणि तिला डोंगराचं वेडच लागलं. आता ट्रेल रेसिंगकडे, म्हणजे डोंगरवाटांवरच्या शर्यतींकडे वळायचं होतं. घरी अण्णा म्हणत होते, "डोंगरात आपली शेरडं बी पळत्यात. त्यासाठी एवढा खर्च केला का?"

ट्रॅक सोडू पाहणारी बरीच मुलं हीच भीती घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात.

बोलताना तिचा अंगठा सारखा मनगटावरच्या घड्याळाच्या बटणाकडे जात होता. साडेबारा फेऱ्या, दर फेरीला एक आकडा. आपण कोण आहोत, हे सहा वर्षं तिला तो आकडाच सांगत आला होता. खड्या चढावर त्याचा काही उपयोग नसतो. तिथे दगड, माती, चढ बघून वेग ठरतो. हे तिला कळत होतं, पचत नव्हतं.

मी एकच काम दिलं. घड्याळ घरी ठेवायचं, अजिंक्यताऱ्यावर जायचं आणि श्वास ऐकत पळायचं.

पुढच्या आठवड्यात ती मान खाली घालूनच आली. "मॅडम, मी मधे चालले." एखादा गुन्हा कबूल करावा तसं. ट्रॅकवर चालायला लागलात की शर्यत संपली. डोंगरी शर्यतीत मात्र कसलेले धावपटूही खड्या चढाला गुडघ्यांवर हात रेटून चालतात, आणि तेही शिकावं लागतं. हे मी सांगितलं. वर म्हटलं, "तुमच्याच माणच्या ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायच्या. मग स्टीपलचेसकडे, म्हणजे ट्रॅकवरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकची फायनल पळल्या. त्यांना कुणी पळपुटी म्हटलं?"

"त्या ट्रॅकवर आल्या, मॅडम. मी ट्रॅकवरून जातेय."

माझं उदाहरण चुकलंच होतं. पण एवढं बोलली आणि ती रडायला लागली, बराच वेळ. मी रडू दिलं. घरचे आणि कोच 'पुढे काय' याच्या घाईत असतात. सहा वर्षं पहाटे चारला उठणाऱ्या पोरीला ट्रॅकचा निरोप घ्यायला कुणी वेळच देत नाही, याचा मला फार राग येतो.

शांत झाल्यावर विचारलं, "उद्या टायमिंग पंधरा सेकंदांनी सुधारलं तर डोंगर सोडशील?" तिने विचार केला. "हा हंगाम ट्रॅकवर पूर्ण करीन. पण डोंगर नाही सोडणार." पळून जाणारं माणूस असं बोलत नाही.

अण्णांना एकदा बोलावून घेतलं. त्यांची खरी काळजी नोकरीची होती. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. डोंगरातल्या शर्यतीचं प्रमाणपत्र तिथे चालेल का? रास्त प्रश्न. निर्णयाआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात दोघांनी मिळून चौकशी करायची, असं ठरलं.

उठता उठता ते तिच्याकडे वळले. "उतरताना पाय घसरत न्हाई ना गं?"

तिने तिथेच बूट काढला, उलटा केला आणि तळाच्या खोल खाचा त्यांच्या हाताला लावून दाखवल्या. एका खाचेत लाल माती अजून तशीच होती.