पाइप, रॉड आणि चकची पकड : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात यंत्रकामाविषयी जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी लेथच्या चकभोवती, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या पकडीभोवती, फिरत होती. म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे भोसरीला छोटे वर्कशॉप आहे. सीमलेस पाइपपासून आम्ही ४० मिलिमीटर लांबीचे बुश (पोकळ नळकांडी) तयार करतो. बाहेरचा व्यास ९० मिलिमीटर, बोअर (आतले भोक) ८२ मिलिमीटर आणि बोअरवर शून्य ते अधिक ०.०३५ मिलिमीटर इतकाच टॉलरन्स (चालणारा फरक) आहे. कारागीर तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये बुश धरून बोअर मारतो, दोन टोकांच्या इनसाइड मायक्रोमीटरने चार-पाच दिशांनी मोजतो आणि प्रत्येक वेळी माप ८२.०२ च्या आसपास येते. चकमधून काढल्यावरही माप जवळजवळ तेच असते. तरीही गिऱ्हाइकाचा ८२ चा प्लग गेज (भोक तपासायचा गोल ठोकळा) आत जात नाही आणि माल परत येतो. मायक्रोमीटर दोनदा तपासून घेतला. चूक नेमकी कुठे आहे?

उत्तर : आपला मायक्रोमीटर निर्दोष असावा. मात्र आपल्या बुशमध्ये जो दोष आहे, तो समोरासमोरच्या दोन बिंदूंवर टेकणाऱ्या कोणत्याही उपकरणाला दिसतच नाही, आणि हा दोष टूलने नव्हे तर चकने निर्माण केला आहे.

बुश आवळला की तीन जॉखालची भिंत आत दबते आणि दोन जॉच्या मधली भिंत बाहेर फुगते. अशा दबलेल्या अवस्थेत टूल बोअर मात्र अगदी गोल कापते. चक सैल केला की दबलेली भिंत आपल्या जागी परतते आणि तिच्याबरोबर तो गोल बोअरही बिघडतो. जॉ जिथे होते तिथे तो बाहेर सरकतो आणि मधल्या तीन जागी आत येतो. जॉ एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे बाहेर सरकलेल्या प्रत्येक जागेच्या बरोबर समोर आत आलेली जागा पडते. मायक्रोमीटरचे एक टोक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर टेकते, एकाचे अधिक दुसऱ्याच्या उण्यात जमा होते आणि माप सगळीकडे सारखेच दाखवले जाते. प्लग गेजला मात्र तिन्ही उंचवटे एकाच वेळी आडवे येतात.

हा बिघाड किती असतो, याचा अंदाज पातळ कड्याच्या नेहमीच्या सूत्रावरून काढता येतो. आपल्या मापाच्या पोलादी बुशवर प्रत्येक जॉने सुमारे ५०० किलोचा दाब दिला, तर जॉखालची भिंत साधारण ०.१४ मिलिमीटर आत जाते आणि मधली भिंत साधारण ०.१३ मिलिमीटर बाहेर येते. प्रत्यक्षात जॉ रुंद असल्यामुळे आकडा काहीसा कमी येईल. पण ज्या कामात एकूण टॉलरन्स ०.०३५ आहे, तिथे याच्या चौथ्या हिश्शाएवढा बिघाडसुद्धा माल परत आणायला पुरेसा आहे. ५०० किलो हा काही राक्षसी दाब नव्हे. हाताने चावी फिरवून आवळलेला मध्यम आकाराचा चक एवढा दाब सहज देतो. दाब ५० किलोवर आणला, तर बिघाडही दहाव्या हिश्शावर येतो. भिंतीच्या जाडीचा परिणाम याहूनही मोठा आहे. जाडी दुप्पट केली की भिंतीचा ताठपणा आठपट होतो, म्हणूनच जाड पाइपवर काम करणाऱ्या टर्नरला हा प्रश्न वर्षानुवर्षे भेटतच नाही आणि पातळ पाइप हाती आला की तो गोंधळून जातो.

खात्री करून घ्यायची असेल, तर तीन टोकांचा इनसाइड मायक्रोमीटर मिळवावा. बुश चकमध्ये असतानाच जॉच्या जागा खडूने खुणावून ठेवाव्यात, बुश काढल्यावर आधी त्या खुणांवर आणि मग ६० अंश फिरवून मधल्या जागांवर माप घ्यावे. दोन मापांत पडणारा फरक हीच चकची करामत.

उपायांमध्ये सर्वांत स्वस्त उपाय आधी सांगतो. खरड काम घट्ट पकडीत उरकून घ्यावे, बोअरमध्ये ०.२ ते ०.३ मिलिमीटर माल शिल्लक ठेवावा, मग चक पूर्ण सैल करून बुशला श्वास घेऊ द्यावा आणि पुन्हा हलकेच आवळून शेवटचा कट घ्यावा. शेवटच्या कटाला टूल धारदार आणि लहान नोजचे असावे, म्हणजे हलकी पकडसुद्धा पुरते. एवढ्याने भागले नाही, तर रुंद सॉफ्ट जॉ (मऊ, टूलने कापता येणारे जॉ) करून घ्यावेत, ते चकवर चढवून, आत एक कडे आवळून, बुशच्या बाहेरच्या व्यासाएवढेच बोअर करावेत. जॉच्या बोअरचा व्यास बुशपेक्षा लहान राहिला तर त्यांच्या फक्त कडा टेकतात आणि मोठा झाला तर फक्त मध्य टेकतो. दोन्ही वेळा रुंदी वाया जाते. सॉफ्ट जॉ करायचे नसतील, तर बिडाचे जाड कडे बुशच्या व्यासाला बोअर करून, एका बाजूने करवतीने चिरून, त्या कड्यात बुश धरावा. सहा जॉचा चक घेणे परवडत असेल तर फरक फारच मोठा पडतो. त्याच सूत्रानुसार, तेवढीच एकूण पकड सहा ठिकाणी वाटली की जॉखालचा बिघाड सुमारे एकोणिसाव्या हिश्शावर येतो. या सगळ्याहून मला व्यक्तिशः आवडणारी युक्ती वेगळी आहे : पाइपचा तुकडा बुशपेक्षा २५-३० मिलिमीटर जास्त लांब कापावा, पकड त्या जादा भागावर घ्यावी, बोअर मारून बुश पार्टिंग टूलने वेगळा करावा. पकडीजवळचा बिघडलेला भाग चकमध्येच राहतो. माल थोडा वाया जातो खरा, पण परत आलेल्या मालाच्या मानाने तो स्वस्तच पडतो.

प्रश्न : कुपवाड येथील आमच्या कारखान्यात नवा तीन जॉचा ट्रू चक घेतला. २५ मिलिमीटरचा ग्राउंड (घासून अचूक गोल केलेला) रॉड धरून डायल (बारीक हालचाल दाखवणारे मापक) लावली, तर फिरताना रॉड ०.०८ मिलिमीटर आउट, म्हणजे इकडे-तिकडे हलताना, दाखवते. ४० चा रॉड धरला की ०.०५. विक्रेता म्हणतो की चक ठीक आहे. नाव 'ट्रू' असताना तो आउट कसा?

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे बरोबर आहे. साध्या तीन जॉच्या चकमध्ये ०.०५ ते ०.१० मिलिमीटर आउट हा दोष मानला जात नाही, आणि दोन व्यासांना दोन निरनिराळी मापे येणेही स्वाभाविक आहे.

या चकच्या पोटात एक सपाट चकती असते. तिच्या एका अंगावर वेटोळ्यासारखा आटा आणि दुसऱ्या अंगावर बेव्हल गिअरचे दाते असतात. चावीने पिनियन (छोटे दातेरी चाक) फिरवला की चकती फिरते आणि वेटोळ्यात अडकलेले तिन्ही जॉ एकाच वेळी सारखेच सरकतात. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या सायमन फेअरमन यांनी लेथच्या चकचे पेटंट १८४० साली घेतले आणि त्यांचे जावई ऑस्टिन कुशमन यांनी पुढे तो धंदा वाढवला. आज आपल्या लेथवर दिसणारा चक त्याच घराण्यातला. अडचण अशी, की वेटोळे मध्याजवळ जास्त वाकलेले आणि बाहेर कमी वाकलेले असते, तर जॉच्या मागचे दाते मात्र एकाच ठरावीक वाकाचे कापलेले असतात. त्यामुळे दात आणि वेटोळे यांचा मेळ प्रत्येक व्यासाला थोडा निराळा बसतो, आणि रॉडचा मध्य त्याप्रमाणे किंचित इकडे-तिकडे सरकतो.

तरीही दोन-तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. जॉवर १, २, ३ असे आकडे असतात. ते त्याच क्रमाच्या खाचांत आणि त्याच क्रमाने बसवले नाहीत तर आउट शंभराव्या हिश्शांत नव्हे, मिलिमीटरांत येतो. बॅक प्लेटच्या (ज्या चकतीवर चक बसतो तिच्या) खांद्यावर चिप (धातूचा कीस) अडकली असेल तर चक तिरका बसतो, म्हणून चक उतरवून दोन्ही पृष्ठे बोटाने चाचपावीत. फडक्याला जे समजत नाही ते बोटाला समजते. तिन्ही पिनियन आळीपाळीने आवळून डायल पाहिली, तर एखाद्या पिनियनवर आउट सर्वांत कमी येतो. त्यावर पंचाने खूण करावी आणि शेवटचा आवळ नेहमी त्यावरच द्यावा.

याहून अचूक काम हवे असेल, तर ट्रू चकशी भांडण्यात अर्थ नाही. चार जॉचा डॉग चक लावावा. त्यात प्रत्येक जॉ स्वतंत्र सरकतो, म्हणून रॉड ०.०१-०.०२ च्या आत आणता येतो. डायलने एका फेऱ्यात ०.४० चा फरक दाखवला, तर रॉडचा मध्य ०.२० ने सरकलेला आहे, हे लक्षात ठेवून समोरासमोरच्या जोडीने काम करावे. एक जॉ सैल करून मगच समोरचा आवळावा. नवशिक्याला यात पंधरा मिनिटे लागतात, सवय झालेल्याला दोन.

प्रश्न : आमच्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या लेथवर) पातळ पाइप दबू नयेत म्हणून हायड्रॉलिक प्रेशर कमी केले. आता दबत नाहीत, पण मिनिटाला ३००० फेऱ्यांवर एक पाइप चकमधून निसटून दारावर आदळला. ८०० फेऱ्यांवर तीच पकड चालत होती. कारण काय असावे?

उत्तर : चक फिरू लागला की जॉ स्वतःच बाहेर ओढले जातात आणि पकड तेवढी घटते. एक किलो वजनाचा जॉ मध्यापासून ८० मिलिमीटरवर असेल, तर १५०० फेऱ्यांना तो सुमारे २०० किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो आणि ३००० फेऱ्यांना सुमारे ८०० किलोच्या. फेरे दुप्पट केले की ओढ चौपट होते. आपण प्रेशर कमी करून पकडच तेवढ्यावर आणली असेल, तर पाइप निसटणारच होता. चकवरच्या पट्टीवर जे कमाल फेरे लिहिलेले असतात, ते कंपनीच्या मूळ जॉपुरते खरे असतात. उंच आणि जड सॉफ्ट जॉ लावल्यावर ते आकडे लागू राहत नाहीत. पाइपसाठी प्रेशर उतरवायचे असेल, तर फेरेही उतरवावेत आणि जॉ शक्य तितके हलके करावेत. पाइप आतून, म्हणजे जॉ बाहेर उघडून धरला असेल तर गणित उलटे होते. वेगाबरोबर पकड वाढत जाते आणि पातळ पाइप फुगतो.

प्रश्न : १६ मिलिमीटरचा सहा फुटी रॉड हेडस्टॉकमधून (चकमागच्या पेटीतून) मागे काढून काम करत होतो. रॉड मागे एक मीटर बाहेर होता. ४०० फेऱ्यांवर काही त्रास नव्हता. फेरे ९०० वर नेले आणि मागे निघालेला रॉड अचानक काटकोनात वाकून गरगरू लागला. शेजारचे कपाट फुटले, माणूस थोडक्यात वाचला. रॉड सरळ होता, चकची पकडही घट्ट होती.

उत्तर : यात चकचा दोष नाही. चकने रॉडचे पुढचे टोक धरले, मागचे कोणीच धरले नव्हते. प्रत्येक मोकळ्या रॉडला एक ठरावीक वेग असतो, ज्यावर तो आपोआप डोलू लागतो. १६ मिलिमीटरचा पोलादी रॉड एक मीटर मोकळा असेल, तर हा वेग मिनिटाला जवळपास ६९० फेरे येतो, आणि तोही स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) मागच्या तोंडाशी रॉड घट्ट धरला आहे असे गृहीत धरून. आपल्याकडे तो तिथे सैल होता, म्हणजे धोक्याचा वेग याहूनही खाली होता. रॉड एकदा वाकला की त्याचे वजन मध्यापासून आणखी दूर जाते, ओढ आणखी वाढते आणि क्षणार्धात तो काटकोनात येतो. आपत्कालीन बटण दाबेपर्यंत सगळे होऊन गेलेले असते.

मोकळी लांबी निम्मी केली की हा वेग चौपट होतो. म्हणून रॉड आधीच कापून घेणे हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. कापणे शक्य नसेल, तर स्पिंडलच्या मागच्या तोंडात नायलॉनचा किंवा लाकडाचा बुश बसवावा आणि बाहेरचा संपूर्ण रॉड जमिनीला बोल्ट केलेल्या स्टँडवरच्या पाइपमधून जाऊ द्यावा. घोडीवर नुसता टेकवलेला रॉड म्हणजे आधार नव्हे. तो घोडीवरून उडतो.

प्रश्न : आमचे जुने टर्नर चकच्या चावीला दोन फुटी पाइप घालून आवळतात. त्यांचे म्हणणे, त्याशिवाय रॉड फिरतो. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. चावीचा दांडा जेवढा लांब दिलेला आहे, तेवढ्याच जोरावर पिनियनचे दाते आणि वेटोळे बेतलेले असते. पाइप लावून आवळल्याने दाते झिजतात, वेटोळे ताणले जाते आणि जॉ पुढच्या तोंडाशी फाकतात. मग रॉड फक्त मागच्या बाजूने धरला जातो, पुढून हलतो, आणि तो फिरतो म्हणून आणखी मोठा पाइप शोधला जातो. रॉड आवळून जॉच्या पुढच्या तोंडाशी कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती आत शिरली तर जॉ फाकले आहेत असे समजावे आणि चकमध्ये मागे एक कडे आवळून, ते जॉ लेथवरच ग्राइंड करून घ्यावेत.