बाळाला शीची जागाच नाही, तर आधी पोटावर वाट का काढतात? एकदाच मोठं ऑपरेशन का नाही?

भाच्याच्या लघवीतून काळपट हिरवी शी येतेय आणि डॉक्टर उद्या कोलोस्टॉमी (शी बाहेर यायला पोटावर वाट) करू म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. हाच प्रश्न प्रत्येक आजी विचारते.

साधारण 5,000 बाळांत एखादं असं जन्मतं. ग्रहणाचा, पपईचा काही संबंध नाही. बहिणीला कुणी दोष देऊ नये, एवढं बघा.

लघवीत शी दिसली म्हणजे आतडं खाली न उघडता लघवीच्या मार्गाला जोडलं गेलंय. नेमकं कुठे, हे आज कळत नाही. अंदाजाने तिथे हात घातला तर लघवीची नळी, नसा दुखावायची भीती. म्हणून आधी पोटावर वाट. पोट उतरतं, बाळ दूध पितं, वजन धरतं. मग पोटावर काढलेल्या दोन तोंडांपैकी खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढला की जोड दिसतो. त्यानंतर मागून, बरोबर मधोमध चीर देऊन आतडं स्नायूंच्या मध्ये बसवतात. ही पद्धत अल्बर्टो पेन्या यांनी 1980 च्या सुमारास मेक्सिकोत सुरू केली. (आतडं अगदी कातडीखाली असतं, तर पोटाला हात न लावताही भागतं.)

आज एवढं विचारा: हृदयाची इको, किडनीची सोनोग्राफी, मणक्याचा एक्स-रे झाला का? अन्ननलिकेत नळी घालून पाहिली का? अशा बाळात या अवयवांचे दोषही बरेचदा जोडीने येतात.

पोटावरचं तोंड ओठाच्या आतल्या भागासारखं लाल, ओलसर दिसेल. त्याला हात लावला तर बाळाला दुखत नाही. पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका. काळं-निळं पडलं तर लगेच दवाखाना. भोवतीच्या कातडीला झिंक ऑक्साईडचं मलम लावा. शी गोळा करायची पिशवी टिकत नसेल तर सुती लंगोटाची घडी चालते.

खरी परीक्षा मोठ्या ऑपरेशननंतर. साधारण दोन आठवड्यांनी नवी जागा रुंद ठेवायला रोज डायलेटर (गुळगुळीत दांडी) घालायचा, तोही घरी. बाळ रडतं म्हणून घरचे टाळतात, जागा आवळते आणि पुन्हा ऑपरेशनची पाळी येते. हे काम बहिणीने आणि दाजींनी दोघांनी शिकून घ्यावं. पोटावरची वाट त्यानंतर बंद करतात. पुढे बद्धकोष्ठ सांभाळावं लागतं, काहींना वर्षानुवर्षं.

महाराष्ट्रात असाल तर महात्मा फुले योजनेचं (सरकारी उपचार योजना) दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आजच विचारा. बाळाचं नाव रेशनकार्डावर नाही म्हणून परत फिरू नका.