स्नेहमेळावा नको, पंपाची किल्ली वाटून घ्या

*‘आमची मांजलपूरची सोसायटी. ए विंगमध्ये जुनी मराठी घरं, बी विंगमध्ये गुजराती, हिंदी बोलणारे आणि एक मुस्लिम कुटुंब. 2024च्या पुरात सगळे एकत्र राबलो, नंतर पुन्हा ज्याची त्याची दारं बंद. गेल्या वर्षी मी सांस्कृतिक सेक्रेटरी म्हणून ए विरुद्ध बी असं क्रिकेट, अंताक्षरी आणि मग जेवण ठेवलं. स्टेज आणि हिशेब आमच्याकडे होता, खुर्च्या-मांडव त्यांच्याकडे. पंचाच्या निर्णयावरून सुरू झालेलं भांडण मासळीच्या वासापर्यंत गेलं. आता व्हॉट्सॲप ग्रुपही दोन आहेत. सासूबाई म्हणतात, “ती माणसं तसलीच.” गणपतीत त्या मुस्लिम कुटुंबाला बोलवावं की नाही, यावरही कुजबुज आहे. यंदा पुन्हा काही ठेवू, की नाद सोडू?’*
— ‘मधली’, बडोदा

प्रिय ‘मधली’,

नाद सोडू नका, कार्यक्रम सोडा.

थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 साली 515 अभ्यास एकत्र तपासले. वेगवेगळ्या गटांतली माणसं एकमेकांच्या संपर्कात आली की पूर्वग्रह सहसा कमी होतो, असंच त्यातून निघालं. पण किती कमी होतो, हे भेट कशी घडते त्यावर अवलंबून असतं. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 सालीच चार गोष्टी सांगून ठेवल्या होत्या: दोघांचा दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एकच, ते गाठायला एकमेकांचा हात लागणारा, आणि वरच्यांचा उघड पाठिंबा. तुमच्याकडे पहिल्या तिन्ही गोष्टी नव्हत्या. ‘ए विरुद्ध बी’ लिहिलंत तिथेच एकाचं जिंकणं हे दुसऱ्याचं हरणं ठरलं.

क्रिकेटचंच उदाहरण घ्या. मॅथ्यू लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत 1,261 तरुणांवर प्रयोग केला. काहींना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये उतरवलं. एका संघातून खेळलेल्या वेगवेगळ्या जातींच्या मुलांत मैत्री वाढली. समोरासमोर खेळण्याने मात्र जातीबाहेरचे संबंध बहुतांशी घटलेच. म्हणजे खेळ तोच, फरक संघ कसे पाडले याचा. जेवणाचंही तसंच. अमेरिकेत मुझफ्फर शेरीफ यांनी 1954च्या शिबिरात मुलांचे दोन गट आधी झुंजवले आणि मग एकत्र जेवायला बसवले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि ते सगळ्यांनी मिळून सुरू करायची वेळ आली, अशा प्रसंगांनंतर ती निवळत गेली.

तुमच्याकडे पाण्याचा प्रश्न आयता आहे. विश्वामित्री नदी दर पावसाळ्यात आठवण करून देते. पुरात तुम्ही जे केलंत तेच पावसाळ्याआधी, सावकाश आणि ठरवून करा. मे महिन्यात चार छोट्या टोळ्या करा: टाकी आणि मोटर, वीजमीटर, तळातल्या गाड्या वर हलवणं, आणि वयस्क माणसं व त्यांची औषधं. प्रत्येक टोळीत चौघं, दोन ए चे, दोन बी चे. तीन-एक करू नका. एकटा पडलेला माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर त्याला सगळ्या विंगच्या वतीने उत्तरं द्यावी लागतात. तीच चौघं दोन महिने दर रविवारी अर्धा तास भेटू देत. दर वेळी माणसं बदलली तर ओळख नमस्कारापुढे जात नाही. पुरानंतर दारं बंद झाली ती यामुळेच: काम संपलं आणि पुन्हा भेटायचं निमित्त उरलं नाही.

आता दर्जाचं. पंपाच्या खोलीची किल्ली एका विंगकडे असेल तर खर्चाची वही दुसरीकडे द्या. प्रत्येक बिलावर दोन्ही विंगांची एकेक सही, आणि बिलं नोटीस बोर्डावर. चेअरमनच्या सहीचं पत्रक हवंच, पण नुसत्या पत्रकावर विसंबू नका. याच शहरात 1917 साली डॉ. आंबेडकर महाराजांच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर आले, तरी कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून टाकत आणि राहायला जागा मिळेना. हुकूम वरून येतो. बरोबरी टेबलापाशी दिसावी लागते.

मासळीचा वाद पहिल्या दोन महिन्यांत काढूच नका. पुढे निघाला तर एवढं ठरवा: कोणाच्या घरात काय शिजतं हा मीटिंगचा विषय नाही; ओला कचरा किती वाजता आणि झाकण लावून खाली येतो की नाही, हा आहे. तोवर टोळ्यांना चहा आणि शेव-मुरमुरे पुरे.

मुस्लिम कुटुंबाला गणपतीपासून सुरुवात करून बोलावू नका, टोळीपासून करा. ‘तुम्हीही या’ म्हटलं की ते पाहुणे होतात. ‘रविवारी दहा वाजता मोटर तपासायची आहे, तुमचं नाव घातलंय, चालेल ना?’ असं विचारा. ज्या टोळीत ते असतील तिथे दुसरा बी विंगवाला कामाचा आणि बोलका असू द्या. गणपतीची वर्गणी सगळ्यांनाच ऐच्छिक, पावती सारखी, निमंत्रणाचा कागद प्रत्येक दारी तोच. मग कुजबुजीला धरायला काही राहत नाही.

यातही बिघडतं. एक कडवट प्रसंग दहा बऱ्या अनुभवांवर पाणी फिरवू शकतो, म्हणून वाद झाला तर त्याच संध्याकाळी त्या दोघांना समोर बसवा. ग्रुपवर एक ओळही नको. आणि अपेक्षा बेताची ठेवा. इराकमध्ये ख्रिश्चन आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ केले, तेव्हा ख्रिश्चन खेळाडूंचं संघातल्या मुस्लिमांशी वागणं सुधारलं. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत तो बदल फारसा गेला नाही. तुमच्या बिल्डिंगमधल्या चार माणसांबद्दलचं मत बदलेल, ‘ती माणसं’ या शब्दांना वेळ लागेल.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना औषधांच्या यादीचं काम द्या, बी विंगमधल्या एका आजींच्या जोडीने: दोन्ही विंगांतल्या सत्तरीपुढच्यांना फोन करून गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा नंबर आणि लिफ्ट बंद पडली तर कोण उचलून आणणार, हे एका वहीत लिहायचं. वही एकच. ती एक आठवडा आपल्याकडे, एक आठवडा त्यांच्याकडे.